आबांचा कंपवात, मूलपेशी आणि साडेसात लाखांचा प्रस्ताव

जवारी (धागाकर्ती), मिरज
शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, गेली बेचाळीस वर्षे मिरजेत तंबोरे घडवत आले आहेत. घोडीवर कानस फिरवून जवारी काढणे हे त्यांचे खास काम. त्यात केसभर जास्त घासले गेले तरी तार गुंजायची सोडून खरखरू लागते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगठ्याला कंप सुटला आणि काही महिन्यांत पार्किन्सनचे, म्हणजे आपल्याकडे ज्याला कंपवात म्हणतात त्याचे, निदान झाले. लेव्होडोपाच्या गोळ्यांवर पहिली पाच वर्षे बरी गेली. आता एका गोळीचा परिणाम दोन-अडीच तासांत ओसरतो आणि पुढची गोळी लागू पडेपर्यंत ते खुर्चीतून उठूही शकत नाहीत.

मागच्या महिन्यात एका मोठ्या शहरातील खासगी केंद्राच्या माणसाने आमच्याशी संपर्क साधला. आबांच्याच पोटावरील चरबीतून 'स्टेम सेल' काढून त्या शिरेतून आणि पाठीच्या मणक्यातून परत सोडायच्या, अशा तीन फेऱ्या करायच्या आणि त्यासाठी साडेसात लाख रुपये भरायचे, असा त्यांचा प्रस्ताव आहे. सोबत पाठवलेल्या माहितीपत्रकात नोबेल पारितोषिकाचा उल्लेख आहे आणि जपानमधील पार्किन्सनच्या रुग्णांवरील प्रयोगाच्या बातमीचे कात्रणही आहे. माझा भाऊ बुधगावकडची अर्धा एकर जमीन विकायला तयार झाला आहे. मी वाणिज्य शाखेची शिक्षिका असल्यामुळे ताळेबंद वाचू शकते, पण पेशींचा हिशेब मला कळत नाही. जपानमध्ये जे झाले आणि हे केंद्र जे करणार आहे, ते एकच आहे का, एवढेच मला नीट समजून घ्यायचे आहे.

पेशीजाल
शनिवार, रात्री ११.१५

जवारीताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो: ते एक नाही. दोन्हींना 'मूलपेशी' हा एकच शब्द लावला जातो, म्हणून घोटाळा होतो आणि तो घोटाळा तसाच राहावा यात काही जणांचा धंदा आहे. मी विश्रामबागेत वाढलो आणि सध्या पुण्यात एका प्रयोगशाळेत पेशीसंवर्धनाचे काम करतो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे आबांच्या औषधांबद्दल काही बोलणार नाही. पेशींबद्दल मात्र थोडे विस्ताराने लिहितो.

जी पेशी स्वतःसारख्या आणखी पेशी बनवत राहते आणि वेळ आली की एखाद्या विशिष्ट कामाच्या पेशीत रूपांतरित होऊ शकते, तिला मूलपेशी म्हणतात. प्रत्येक मूलपेशीची झेप मात्र सारखी नसते. अस्थिमज्जेतील रक्तजनक मूलपेशी रक्ताच्या पेशी बनवते आणि रक्ताच्या कर्करोगात तिचे प्रत्यारोपण कित्येक दशके यशस्वीपणे होत आहे. चरबीतून मिळणाऱ्या मेसेन्कायमल पेशींची धाव प्रामुख्याने हाड, कूर्चा आणि चरबी एवढ्यापुरती असते. त्या शिरेतून सोडल्या की त्यांतील बहुसंख्य पेशी फुप्फुसांच्या बारीक केशवाहिन्यांतच अडकून पडतात. त्या मेंदूपर्यंत जाऊन तिथे डोपामिन, म्हणजे हालचालींसाठी लागणारे मेंदूतील रसायन, बनवणाऱ्या चेतापेशी होतील, असे मानायला आधार नाही.

माहितीपत्रकातील नोबेल वेगळ्याच कामाचे आहे. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन गर्डन यांनी बेडकाच्या अंड्यातील केंद्रक काढून त्या जागी बेडूकमाशाच्या आतड्याच्या पेशीतील केंद्रक बसवले आणि त्यातून पुन्हा जिवंत बेडूक निपजले. पेशीने एकदा आतड्याचे काम पत्करले म्हणून तिच्यातील बाकीची विद्या पुसली जात नाही, हे त्यातून कळले. पुढे २००६ मध्ये क्योटो येथील शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेतील पेशींमध्ये केवळ चार जनुके घालून त्यांना जवळजवळ भ्रूणावस्थेतील पेशींसारखे केले आणि २००७ मध्ये माणसाच्या पेशींवरही तेच साधले. या पेशींना 'आयपीएस' पेशी म्हणतात. गर्डन आणि यामानाका यांना २०१२ चे नोबेल विभागून मिळाले. चरबी काढून शिरेत सोडण्याशी या कामाचा संबंध नाही.

आता आबांच्या आजाराकडे येतो. मध्यमेंदूत सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर पट्टा असतो आणि त्यात दोन्ही बाजूंच्या मिळून साधारण चार ते सहा लाख डोपामिन पेशी असतात. संपूर्ण मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत हे लक्षात घेतले, तर ही मूठभरच जमात म्हणायची. पार्किन्सनमध्ये नेमकी हीच झडत जाते आणि हाताला पहिला कंप सुटतो तोवर तिचा बराच मोठा भाग गेलेला असतो. एका जातीच्या पेशी एका ठरावीक जागी कमी पडतात, म्हणूनच 'नव्या पेशी लावून पाहू' हा विचार याच आजारात सर्वांत आधी आला. क्योटोच्या चमूने निरोगी दात्याच्या आयपीएस पेशींपासून डोपामिन पेशींची पूर्वावस्था, म्हणजे जणू रोपे, तयार केली. कवटीला छिद्र पाडून बारीक सुईने ती प्युटामेन या भागात दोन्ही बाजूंना सोडण्यात आली, कारण डोपामिनची गरज प्रत्यक्षात तिथे असते. शिरेतून किंवा मणक्यातून ती सोडलेली नव्हती.

तासगावची_बाग
रविवार, सकाळी ७.०५

माझी द्राक्षबाग आहे आणि शिक्षण बारावीपर्यंतचे, तरी एक शंका विचारतो. आम्ही डॉगरिजचा खुंट लावतो आणि तो वर्षभराचा झाला की त्याच्यावर थॉमसन किंवा सोनाक्का यांचे कलम करतो. खुंट क्षार आणि पाण्याचा ताण सोसतो, वरची काडी माल देते. पण खुंटालाच मुळातून रोग असेल, तर वर कितीही चांगली काडी बांधली तरी ती काही वर्षांत वाळते, हे आमच्या पिढ्यांनी पाहिले आहे. ज्या मेंदूत आबांच्या पहिल्या पेशी मेल्या, त्याच मेंदूत नव्या पेशी लावल्यावर त्या का मरणार नाहीत?

आणखी एक. केळीचे ऊतीसंवर्धित रोप बोटाएवढ्या तुकड्यापासून होते आणि उसाच्या एका डोळ्यातून अख्खा ऊस उभा राहतो. मग माणसाच्या बाबतीत एवढा खटाटोप का?

पेशीजाल
रविवार, सकाळी १०.३०

बागाईतदार साहेब, आपण बारावीचा उल्लेख केलात, पण या विषयातील संशोधक वीस वर्षे ज्या प्रश्नाशी झगडत आहेत तोच आपण विचारला आहे.

दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे. वनस्पतीच्या अनेक पेशी आयुष्यभर पुन्हा प्रथमावस्थेत जाण्याची ताकद राखून असतात, म्हणून उसाचा डोळा फुटतो. प्राण्यांच्या पेशी मोठेपणी ते दार बंद करून घेतात. यामानाकांनी ते दार चार किल्ल्यांनी उघडून दाखवले. मात्र त्यांतील सी-मिक हे जनुक कर्करोगाशी संबंधित आहे, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. (माणसाच्या भ्रूणापासून मूलपेशी पहिल्यांदा वेगळ्या काढल्या त्या १९९८ मध्ये अमेरिकेतील जेम्स थॉमसन यांनी. आपल्या थॉमसन द्राक्षाशी त्यांचा काही संबंध नाही, पण हे नाव ऐकले की मला तासगावच आठवते.)

पहिल्या शंकेसाठी थोडा इतिहास पाहावा लागेल. १९८७ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे अँडर्स ब्योर्कलुंड आणि ओले लिंडवाल यांच्या गटाने गर्भपातातून मिळालेल्या भ्रूणाच्या मध्यमेंदूतील ऊती पार्किन्सनच्या रुग्णांमध्ये लावण्यास सुरुवात केली. काही रुग्णांना लक्षणीय फायदा झाला आणि दुनियाभर आशा पसरली. पण एका रुग्णासाठी अनेक भ्रूणांची ऊती लागत असे, त्यामुळे नैतिक प्रश्न होता आणि मालाचा सारखेपणाही नव्हता. पुढे अमेरिकेत दोन काटेकोर चाचण्या झाल्या. त्यांत काही रुग्णांच्या कवटीला नुसती छिद्रे पाडून लटकी शस्त्रक्रिया केली होती आणि आपल्याला खरी ऊती मिळाली की नाही हे रुग्णाला माहीत नव्हते. २००१ आणि २००३ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. मुख्य कसोटीवर फायदा सिद्ध झाला नाहीच, शिवाय ऊती लावलेल्यांपैकी अनेकांना औषध बंद असतानाही अनैच्छिक हालचालींचा नवा त्रास सुरू झाला. २००३ च्या चाचणीत असा त्रास निम्म्याहून अधिक जणांना झाला.

आणि आता आपला खुंट. २००८ मध्ये अशा काही रुग्णांच्या मृत्यूनंतर मेंदू तपासले गेले. दहा वर्षांहून अधिक काळापूर्वी लावलेल्या पेशी जिवंत होत्या, पण त्यांतील काहींमध्ये ल्युई बॉडी म्हणजे पार्किन्सनची खूण असलेले प्रथिनांचे गोळे सापडले. रुग्णाचा रोग कोवळ्या, परक्या पेशींनाही लागला होता. म्हणजे आपली शंका रास्त ठरली. तरीही हे गोळे सगळ्या पेशींत नव्हते आणि ही लागण व्हायला दशकाहून अधिक काळ गेला होता. पासष्टीच्या माणसाला बारा-पंधरा वर्षे चालणारे कलम मिळत असेल, तर ते नाकारायचे का, हा पुढचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही.

वॉर्ड_क्रमांक_सात
रविवार, दुपारी १.२०

मी मिरजेत छत्तीस वर्षे परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झाले. पेशीजाल यांनी शास्त्र सांगितले, मी खाटेशेजारून दिसलेले सांगते.

पार्किन्सनच्या एका गृहस्थांना त्यांच्या मुलांनी अशाच एका केंद्रात नेले होते. परत आल्यावर पहिले तीन आठवडे घरात दिवाळी होती, कारण ते खरोखरच जास्त चालू लागले होते. चौथ्या आठवड्यानंतर परिस्थिती पूर्ववत झाली आणि केंद्राने 'आणखी दोन फेऱ्या घ्या' असे सांगितले. मला त्या पहिल्या तीन आठवड्यांचे मुळीच आश्चर्य वाटले नाही. पार्किन्सनमध्ये नुसत्या आशेनेही मेंदू काही काळ जास्त डोपामिन सोडतो, हे मेंदूच्या प्रतिमांवर दिसलेले आहे. म्हणूनच तर चाचणीत लटकी शस्त्रक्रिया ठेवावी लागते. रुग्ण खोटे बोलत नसतो आणि त्याच्या मुलांनाही भास झालेला नसतो, पण ते कलमाचे यश नसते.

दुसरी गोष्ट अपायाची. 'आपल्याच पेशी आहेत, अपाय कसला होणार?' हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा येथील तीन महिलांची घटना वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यांच्या स्वतःच्याच चरबीतील पेशी त्यांच्या डोळ्यांत टोचल्या होत्या आणि तिघींची दृष्टी गेली. त्याआधी २००९ मध्ये एका इस्रायली मुलाची हकीगत आली होती. परदेशात त्याच्या मेंदूत आणि मणक्यात भ्रूणाच्या चेता-मूलपेशी सोडल्या होत्या आणि काही वर्षांनी तिथे गाठी आढळल्या. तपासणीत त्या गाठी दात्याच्या पेशींच्या निघाल्या.

जवारीताई, आपण त्या केंद्राला एकच गोष्ट विचारा: भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, आपला क्रमांक काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या विकारांसाठी होणारे रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण सोडल्यास मूलपेशींचा वापर रुग्णावर केवळ नियमबद्ध चाचणीतच करता येतो आणि त्या चाचणीत सहभागी झालेल्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे प्रयोग असेल तर साडेसात लाख कशाचे, आणि मान्य उपचार असेल तर मान्यता कुठे आहे? या दोहोंपैकी एका प्रश्नावर त्यांना अडखळावेच लागेल. नोंदणी क्रमांक मिळाला म्हणजे उपचार सिद्ध झाला असे मात्र मुळीच समजू नका. नोंदणी म्हणजे केवळ सुरुवातीची हजेरी असते.

कुपाटी
रविवार, सायंकाळी ५.५०

आमच्या शिराळ्याकडे बांधावर खाजकुयली मायंदाळ आहे. कंपवातावर तिच्या बिया चालतात असे वैद्य सांगतात. एवढी कलमे करण्यापेक्षा ते बरे नाही का?

वॉर्ड_क्रमांक_सात
रविवार, सायंकाळी ६.३५

खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपाच असते. १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी ते त्यातून वेगळे काढले होते. म्हणजे बी आणि गोळी यांतले मूळ द्रव्य एकच आहे. फरक असा की गोळीतील मात्रा मोजलेली असते आणि तिच्यात कार्बिडोपा घातलेले असते, त्यामुळे औषध रक्तातच खर्ची न पडता मेंदूपर्यंत पोचते. बी चावून गोळीही घेतली तर मात्रा नकळत वाढते. म्हणून ते प्रकरण डॉक्टरांना सांगितल्याशिवाय करू नये. आबांच्या गोळीचा परिणाम लवकर ओसरतो म्हणालात, तर त्यांची गोळी आणि डाळ, दूध, अंडी यांच्या वेळा तपासून पाहाव्यात. प्रथिनयुक्त जेवणासोबत घेतलेली लेव्होडोपा आतड्यातच रेंगाळते. हे मूलपेशींइतके नवलाईचे नाही, पण यात एक रुपयाही लागत नाही.

हरिपूर_संगम
रविवार, रात्री ९.१०

माझ्या आईला अल्झायमर आहे. ती मला 'अण्णा' म्हणते, म्हणजे तिच्या भावाच्या नावाने. संध्याकाळी मी तिला कृष्णा-वारणेच्या संगमावर नेतो, तेव्हा तिला नदीचे नाव आठवते, माझे आठवत नाही. पार्किन्सनमध्ये पेशी लावण्याचा विचार होतो, मग तिच्या आजारात का होत नाही?

पेशीजाल
रविवार, रात्री ११.४०

हरिपूरकर, या प्रश्नाचे उत्तर देताना मला नेहमी जड जाते.

जवारीताईंच्या घरातील व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर पार्किन्सनमध्ये तंबोऱ्याची एक तार उतरलेली असते, अल्झायमरमध्ये भोपळ्यालाच कीड लागलेली असते. (पार्किन्सनची उपमा अर्धीच खरी आहे. पार्किन्सनमध्येही वास न येणे, बद्धकोष्ठ, झोपेत हातपाय झाडणे यांचा डोपामिनच्या त्या पट्ट्याशी थेट संबंध नसतो आणि नव्या पेशींनी ते बरे होतील अशी अपेक्षा नाही.) अल्झायमर स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसपासून मेंदूच्या बाह्यकापर्यंत पसरतो आणि अनेक जातींच्या चेतापेशी मारतो. शिवाय आठवण एखाद्या पेशीत ठेवलेली वस्तू नसते. ती पेशींमधील असंख्य जोडण्यांत असते. तिथे नवी पेशी लावली तरी आपले नाव जिच्यात गुंफलेले होते ती जोडणी तिला ठाऊक नसते.

आपल्या आईच्या आजारात मूलपेशींचा उपयोग वेगळ्या वाटेने होतो आहे आणि माझ्या मते आजवर मूलपेशींनी दिलेली सर्वांत मोठी गोष्ट कलम नसून हीच आहे. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढून आजार कसा वाढतो ते पाहता येत नाही. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या मेंदूचे वर्णन केले, तो मृत्यूनंतरचा होता. तेव्हापासून जवळजवळ शंभर वर्षे आपण आग विझल्यावर राख उकरत होतो. आयपीएस पेशींमुळे पहिल्यांदाच रुग्णाच्या त्वचेपासून किंवा रक्तापासून त्याच्याच चेतापेशी प्रयोगशाळेत वाढवून, आग लागते तो क्षण पाहण्याची सोय झाली. २००८ मध्ये अमेरिकेतील हार्वर्डच्या गटाने एएलएस (स्नायू हलवणाऱ्या चालक चेतापेशी मरत जाण्याचा आजार) असलेल्या ८२ वर्षांच्या महिलेच्या त्वचेपासून चालक चेतापेशी बनवल्या. अल्झायमरच्या आनुवंशिक प्रकारांतील रुग्णांच्या पेशींपासून बनवलेल्या चेतापेशीही त्यानंतर अभ्यासल्या गेल्या. २०१३ मध्ये व्हिएन्नात मॅडेलिन लँकास्टर यांनी मूलपेशींपासून वाटाण्याएवढे मेंदूसदृश गोळे वाढवले, ज्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. २०१४ मध्ये बॉस्टनच्या गटाने जेलमध्ये वाढवलेल्या मानवी चेतापेशींमध्ये अमिलॉइडच्या गाठी आणि टाऊचे गुंते या अल्झायमरच्या दोन्ही प्रथिन-खुणा एकत्र दाखवल्या. उंदरांत हे दोन्ही एकत्र सहजी दिसत नव्हते.

यात एक मोठी अडचण आहे आणि ती मी रोज हाताने अनुभवतो. सत्तरीच्या माणसाची पेशी यामानाकांच्या चार जनुकांतून गेली की तिचे वयही पुसले जाते. तिच्यापासून बनलेली चेतापेशी गर्भातल्या चेतापेशीइतकी कोवळी असते आणि आजार तर म्हातारपणाचा. बाळाकडे बघून त्याच्या आजोबांचा संधिवात अभ्यासण्यासारखे हे काम आहे. म्हणून काही गट त्वचेच्या पेशीला प्रथमावस्थेत न नेता थेट चेतापेशीत बदलतात, म्हणजे वयाच्या खुणा बऱ्याच अंशी टिकतात. ऑर्गनॉइडमध्ये रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे गोळा वाढला की आतला गाभा मरतो. मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशीही त्यांत बहुधा वेगळ्या आणून घालाव्या लागतात. बंगळूरला निम्हान्स, एनसीबीएस आणि इनस्टेम या संस्थांनी मिळून भारतीय कुटुंबांतील मनोविकार आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या आयपीएस पेशींचा संग्रह उभा केला आहे. आपल्या लोकांची जनुके आपल्या पेशींतच पाहायला हवीत, म्हणून मला ते काम फार मोलाचे वाटते.

दंडोबा
सोमवार, सकाळी ८.१५

सर्वांचे लिखाण संयत आहे आणि म्हणूनच मला थोडे कडू लिहावेसे वाटते. माझ्या धाकट्या भावाला एएलएस आहे. वय चव्वेचाळीस. गेल्या दिवाळीत तो दंडोबाचा डोंगर चढला होता, या दिवाळीत त्याला घास भरवावा लागतो. या आजारात बहुतेकांच्या हाती निदानानंतर दोन ते पाच वर्षे असतात. तिसऱ्या टप्प्याची चाचणी, लटकी शस्त्रक्रिया, दहा वर्षांचा पाठपुरावा हे सगळे ज्यांच्याकडे दहा वर्षे आहेत त्यांच्यासाठी ठीक आहे. ज्याच्याकडे काहीच उरलेले नाही, त्याने फसण्याचा धोका पत्करून एखादे दार ठोठावले तर त्याला अडाणी का ठरवायचे? मला नियमांचा राग नाही. पण नियम सांगणाऱ्यांनी 'मग काय करू?' याचेही उत्तर द्यावे.

पेशीजाल
सोमवार, दुपारी २.००

दंडोबा, आपल्याला अडाणी ठरवण्याचा अधिकार कोणालाच नाही आणि मी तो घेत नाही. आपण 'मग काय करू' विचारलेत, त्यापुरते जे ठोस आहे तेवढे लिहितो.

एएलएस हा असा आजार आहे की ज्यात काचेच्या बशीतल्या पेशींवरून रुग्णाच्या गोळीपर्यंतचा प्रवास खरोखर झाला आहे. टोकियोच्या केइओ विद्यापीठात हिदेयुकी ओकानो यांच्या गटाने रुग्णांच्या आयपीएस पेशींपासून चालक चेतापेशी बनवल्या, त्यांवर आधीच वापरात असलेली १,२०० हून अधिक औषधे तपासली आणि त्यांतून रोपिनिरोल निवडले. गंमत अशी की हे पार्किन्सनचेच जुने औषध आहे, कदाचित आबांच्या डब्यातही असेल. त्याची २० रुग्णांवर चाचणी झाली आणि २०२३ मध्ये आजाराची गती मंदावत असल्याचे संकेत प्रसिद्ध झाले. वीस ही संख्या फार लहान आहे, त्यामुळे कृपया यावरून भावाला रोपिनिरोल सुरू करू नका. पण दार ठोठावायचे असेल तर त्यासाठी न्यूरॉलॉजिस्टकडे जनुकचाचणीची मागणी करता येते. एएलएसच्या थोड्या रुग्णांत, साधारण शंभरात दोघांत, एसओडी१ या जनुकात दोष असतो. त्या जनुकावर नेमके काम करणाऱ्या टोफरसेन या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली आहे. भाऊ त्या दोघांत असण्याची शक्यता कमी आहे, तरी एकदा तपासून घेणे योग्य ठरेल.

अधीरतेने धोका पत्करण्याबद्दल माझे मत असे. ज्या चाचणीत निकाल लिहून ठेवला जातो, अपाय झाला तर भरपाई मिळते आणि फसलो तरी पुढच्या रुग्णाला काही कळते, तिथे धोका पत्करणे मला समजते. चरबीची सुई टोचणाऱ्या केंद्रात काय घडले हे कोणी लिहूनच ठेवत नाही. आपल्या भावाने तिथे दाखवलेले धाडस वाया जाते, याचा मला राग येतो.

तासगावची_बाग
सोमवार, रात्री ८.४५

पेशीजाल साहेब, क्योटोच्या चाचणीत शेवटी पीक किती आले, ते राहूनच गेले.

पेशीजाल
सोमवार, रात्री १०.२०

खरे आहे. सात जणांवर ती शस्त्रक्रिया झाली, त्यांचे वय ५० ते ६९ होते आणि दोन वर्षे पाठपुरावा केला गेला. निकाल एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. गंभीर दुष्परिणाम किंवा गाठ आढळली नाही. परिणामाच्या दृष्टीने ज्या सहा जणांचा विचार झाला, त्यांतील चौघांच्या हालचाली औषध ओसरलेल्या अवस्थेतही सुधारल्या. मेंदूच्या प्रतिमेवरही नव्या पेशी डोपामिन बनवत असल्याचे दिसले. त्याच अंकात अमेरिका आणि कॅनडातील १२ रुग्णांची चाचणीही आली. तिच्यातील पेशी मात्र भ्रूणाच्या मूलपेशींपासून बनवलेल्या होत्या. तिथेही १८ महिन्यांपर्यंत सुरक्षितता दिसली आणि आता त्याच पेशींची लटक्या शस्त्रक्रियेसह मोठी चाचणी सुरू झाली आहे. क्योटोच्या चाचणीत लटक्या शस्त्रक्रियेचा गट नव्हता, त्यामुळे वॉर्ड ताईंनी सांगितलेल्या 'तीन आठवड्यांच्या दिवाळी'चा वाटा त्यात किती हे वेगळे काढता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सुमितोमो फार्मा या कंपनीने त्या पेशींसाठी जपान सरकारकडे अर्ज केला. थोड्या रुग्णांच्या आधारावरही सशर्त आणि मुदतीपुरती मान्यता देण्याची तरतूद जपानच्या २०१४ पासूनच्या कायद्यात आहे, त्यामुळे 'जपानने मान्य केले' असे कोणी म्हणाले तर त्या शब्दांचा अर्थ इथल्यासारखा घेऊ नये.

जवारी (धागाकर्ती), मिरज
गुरुवार, रात्री ९.००

सर्वांचे मनापासून आभार. मी त्या केंद्राला सीटीआरआयचा क्रमांक विचारला. त्यांनी आधी 'नंतर कळवतो' म्हटले, मग एका बऱ्या झालेल्या रुग्णाची चित्रफीत पाठवली आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर एक लाखाची सवलत देऊ केली. जमिनीचा विषय भावाने स्वतःहून बंद केला.

सांगलीच्या न्यूरॉलॉजिस्टकडे आबांना नेऊन गोळ्यांच्या वेळा बदलून घेतल्या आणि वॉर्ड ताईंच्या सांगण्याप्रमाणे सकाळचे दूध दुपारी हलवले. आबांचे दिवसातले चार तास आता खात्रीचे असतात. कानस ते अजून हातात धरत नाहीत, पण शिकाऊ मुलाने काढलेली जवारी शेजारी बसून ऐकतात आणि कुठे घासायचे ते बोटाने दाखवतात. हा धागा मी त्यांना पूर्ण वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले, 'त्या जपानी लोकांच्या डोक्यात लावलेल्या पेशी होत्या कोणाच्या? लाकूड कुठले हे आधी विचारावे.'

पेशीजाल
गुरुवार, रात्री १०.०५

आबांना नमस्कार सांगा. अगदी कारागिराचा प्रश्न आहे. त्या पेशी एका निरोगी जपानी दात्याच्या होत्या. त्याची ऊती-जुळणी, म्हणजे एचएलए, अशी निवडलेली होती की ती जपानमधील सुमारे १७ टक्के लोकांशी बऱ्यापैकी जुळते. तरीही शरीराने त्या नाकारू नयेत म्हणून रुग्णांना काही काळ टॅक्रोलिमस हे औषध द्यावे लागले. आपल्या देशात जातिसमूह इतके आणि त्यांच्या जुळण्या इतक्या वेगवेगळ्या आहेत की एका दात्यावर आपले इतके भागणार नाही. आपल्याला बऱ्याच अधिक दात्यांचा साठा इथेच उभारावा लागेल. तोपर्यंत लाकूड आयात करावे लागेल आणि परदेशी लाकडाची जवारी आपल्या हवेत कशी बोलते, हे आबांना माझ्याहून जास्त माहीत आहे.

जवारी (धागाकर्ती), मिरज
शुक्रवार, सकाळी ७.३०

सांगितले. ते म्हणाले, पावसाळ्यात उतरते.